हलगी ते हार्डस्टाइल: व्यायामाचा ठेका कोण धरतं?

"डॉक्टर, व्यायाम करताना गाणी ऐकली तर चालतात का?" हा प्रश्न पूर्वी मला क्वचित कुणी विचारायचं. आता आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी येतो. आणि ही गाणी म्हणजे भावगीतं नव्हेत. टेक्नो, हार्डस्टाइल, हार्डकोअर असलं कडक इलेक्ट्रॉनिक संगीत, किंवा आपल्याकडे सरसकट ज्याला 'डीजे' म्हणतात ते. पालक म्हणतात, याने पोराच्या हृदयावर ताण येईल. पोरगा म्हणतो, याच्याशिवाय ट्रेडमिलवर पाय उचलत नाही. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण नीट उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागतं, कारण ठेक्यावर अंग हलवणं ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात जिमबरोबर आलेली नाही.

सुरुवात जात्यापासून करू. पिठाची गिरणी गावोगाव पोचण्याआधी घरातल्या बायका पहाटे उठून दळण दळायच्या. खांदे, पाठ, दंड आणि पोट या सगळ्यांना घाम काढणारं हे काम. त्याच्याबरोबर ओवी असायचीच. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यातल्या कवितेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला डॉक्टर म्हणून त्यातला श्वास दिसतो. ओवी जात्याच्या फेऱ्याच्या गतीनं चालते. दळणारणीला धाप लागली की ओवी तुटते, ओवी तुटली की हात आपोआप हळू होतो. दोघी समोरासमोर बसल्या असतील तर एक गाते, दुसरी दम घेते. आज आम्ही पेशंटना सांगतो की चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढी गती मध्यम व्यायामाची, आणि दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल तर व्यायाम जोरकस झाला. याला 'टॉक टेस्ट' म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांची ही टेस्ट रोज पहाटे होत होती, फक्त तिला नाव नव्हतं.

हीच गोष्ट दिंडीची. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आपल्याच जिल्ह्यातून जाते. राहुरी, नगर, मिरजगाव, कर्जत या वाटेवरच्या लोकांना ती दरवर्षी दारात दिसते. साठी-सत्तरीतली माणसं टाळ-मृदंगाच्या तालावर रोज मैलोन्‌मैल चालतात. अभंग तोंडानं म्हणायचा असल्यामुळं धावता येत नाही. मृदंगाची लय चढते ती रिंगणाच्या किंवा पावलीच्या वेळी, थोडा वेळ, आणि परत खाली येते. दिवसभर एकाच चढ्या लयीत कुणी चालवत नाही.

आता हलगी. यात्रेतला कुस्त्यांचा हगामा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पैलवान सलामीला उतरले की हलगी संथ असते. खडाखडी सुरू झाली की काड्या वेग घेतात. पकड बसली, डाव लागायला आला की हलगी अशी काही कडाडते की बांधावरचा माणूस उठून उभा राहतो. कुस्ती लांबली, दोघं एकमेकांना रेटत दम खात उभे राहिले, की वाजवणाराही लय उतरवतो. त्याची नजर सारखी मातीवर असते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक मातंग समाजातल्या कलाकारांनी केलं. जिंकलेल्या पैलवानांची नावं गावाच्या तोंडी राहिली, ज्यांनी त्यांच्या अंगात वारं भरलं त्यांची मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या वाडिया पार्कवर ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली तेव्हाही मला हे वाटून गेलं. असो.

या सगळ्यांत माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा आहे लेझीम. शब्द फारसीतून आला. मूळ वस्तू म्हणजे धनुर्विद्या शिकणाऱ्यांची सरावाची कमान. तालमीत तिला दोरीऐवजी लोखंडी साखळी आली आणि ती ओढून दंड-छाती कमावली जाऊ लागली. पुढं हलका लाकडी दांडा आणि पत्र्याच्या चकत्या असलेला लेझीम आला, आणि तो शाळेच्या कवायतीत शिरला. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'त लेझीम जोर, बैठका, मल्लखांब यांच्या पंक्तीला बसलेला आहे, म्हणजे व्यायाम म्हणून. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडच्या उद्घाटनाला मुख्यतः सांगली जिल्ह्यातल्या ४०० जणांनी लेझीम सादर केला. तोवर तो प्रेक्षणीय कार्यक्रम होऊन गेला होता. तरी ज्यानं शाळेत अर्धा तास लेझीम खेळलाय, त्याला मांड्या कशा भरून येतात ते अजून आठवत असेल. लेझमाची गंमत अशी की आवाज तुमच्याच हातातून निघतो. तुम्ही थकलात, हात ढिला पडला, की छमछम चुकते आणि शेजाऱ्यालाही कळतं.

आपल्या शहरात आणखी एक ठेका रोज ऐकू येतो, तो लष्कराचा. आर्मर्ड कोअरचं आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथंच असल्यामुळं भिंगार-कॅम्पातल्या लोकांना कवायतीचा बँड नवा नाही. कवायतीत साधारणपणे 'धीरे चल'ला मिनिटाला ७० पावलं, 'तेज चल'ला १२० आणि 'दौडके चल'ला १८० पावलं धरतात. हे १२० आणि १८० हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

या विषयाकडं मोजमाप घेऊन पाहिल्याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्कला तेव्हा सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती होत. लिओनार्ड आयर्स यांनी १९११ मध्ये लिहिलं की बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल होता आणि बँड थांबल्यावर १७.९. प्रयोग म्हणून त्यात खूप त्रुटी आहेत. बँड वाजतो तेव्हा गर्दीही जास्त ओरडत असणार. पण प्रश्न विचारला गेला. त्यानंतर १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' पुस्तक आलं, १९७९ मध्ये वॉकमन आला, १९८२ मध्ये जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली. व्यायामाचं संगीत विकत मिळू लागलं. वॉकमननं तर ते एकट्याच्या कानात नेऊन ठेवलं. १९९८ मध्ये इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी बर्मिंगहॅमला बंदिस्त मैदानावर दोन हजार मीटरचा विक्रम करताना 'स्कॅटमन' या गाण्याच्या ठेक्यावर पावलं टाकत होता. २००७ मध्ये अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेनं अधिकृत शर्यतीत कानात गाणी लावायला बंदी घातली आणि वर्षभरात ती बऱ्याच जणांसाठी सैलही केली. सांगायचा मुद्दा, गाण्यानं फायदा होतो हे तोवर नियम करणाऱ्यांनीही मान्य केलं होतं.

कडक संगीत आलं ते युरोपातून. १९९० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला 'गॅबर' नावाचा अतिवेगवान प्रकार फोफावला, मिनिटाला १६० ते १९० आणि कधी त्याहून जास्त ठोके. २००० च्या आसपास त्याच देशात थोडा संथ, साधारण १५० ठोक्यांचा 'हार्डस्टाइल' आला. आपल्या जवळचं म्हणाल तर त्याच काळात गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर 'गोवा ट्रान्स' घडत होता, साधारण १४० ते १५० ठोक्यांचा. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला 'सनबर्न' महोत्सव २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला झाला, म्हणजे आपल्या नगर रोडच्या तोंडाशीच. तोपर्यंत इथल्या वरातीत आणि मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, मोबाइलमध्ये गाणी होती, आणि जिममध्ये सकाळी सहालाच दणका सुरू व्हायला लागला होता.

आता पोटातला प्रश्न. या ठोक्यांनी शरीरात नेमकं होतं काय?

बहुतेकांची समजूत अशी की गाण्याचा ठोका १७० असेल तर हृदयाचा ठोकाही तिकडं ओढला जातो. दोन्हीकडं 'मिनिटाला ठोके' हेच माप असल्यामुळं हा गोंधळ होतो. २०२० मध्ये व्यायाम आणि संगीतावरचे १३९ अभ्यास, म्हणजे सुमारे ३६०० माणसं, एकत्र करून पाहिली गेली. निष्कर्ष असा निघाला: संगीतानं व्यायाम करताना बरं वाटतं, कामगिरी थोडी सुधारते, श्रम कमी जाणवतात. हृदयाच्या गतीत मात्र म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणजे हृदय जेवढं काम करायचं तेवढं करतच असतं. तुम्हाला ते कमी कळतं. मेंदूकडं एका वेळी मर्यादित लक्ष असतं, ते गाण्याकडं गेलं की पायांची तक्रार मागं पडते. व्यायाम अगदी दमछाक होण्याइतका कडक झाला की शरीराची हाक गाण्यापेक्षा मोठी होते आणि मग गाणं थकवा लपवू शकत नाही, फार तर मन थोडं वर ठेवतं.

म्हणून वेग वाढवत नेला की फायदाही वाढत जातो, असं होत नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागिओर्गिस यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या कामातून दिसतं की व्यायामासाठी लोकांना साधारण १२० ते १४० ठोक्यांचं संगीत सर्वांत जास्त मानवतं आणि त्यापुढं आवड वाढत नाही. १२० म्हणजे आपलं 'तेज चल'. माणूस मनानं चालायला लागला की सेकंदाला सुमारे दोन पावलं टाकतो, तोच हा आकडा.

आणखी एक अभ्यास मला फार आवडतो. २०१३ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला मॅक्स प्लांक संस्थेत थॉमस फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्यायामाच्या यंत्रांना अशी जोडणी केली की यंत्र ओढलं तसं त्यातून संगीत निघावं. तीच माणसं नुसतं संगीत ऐकत व्यायाम करत होती तेव्हापेक्षा, स्वतःच्या ओढण्यातून संगीत काढताना त्यांना श्रम कमी वाटले. वाचताना मी मनाशी म्हटलं, अहो, हा तर लेझीम! ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवरचा २०१० चा अभ्यासही असाच आहे. तेवढंच काम एकट्यानं केलं त्यापेक्षा एका लयीत मिळून केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढली.

इथं जुन्या आणि नव्या ठेक्यातला माझ्या मते खरा फरक आहे. ओवी दळणारीच गाते, अभंग चालणाराच म्हणतो, लेझमाचा आवाज खेळणाराच काढतो, आणि हलगीवाल्याची नजर पैलवानावर असते. ठेका धरणाऱ्याला तुमचा दम कळतो. इअरफोनमधल्या ठेक्याला तो कळत नाही. तुम्ही वीस वर्षांचे असा नाहीतर बायपास झालेले असा, चौथ्या मिनिटाला दणका चढायचा म्हणजे चढणारच. संगीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते आंधळं आहे, तेव्हा नजर आपण ठेवायची.

कोणत्या व्यायामाला कोणता ठेका, हे आता सोपं होतं. चालणाऱ्यांसाठी १५० चा हार्डस्टाइल कामाचा नाही. चालताना मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम व्यायाम आणि १३० म्हणजे जोरकस, असं ढोबळमानानं धरतात. १५० वर पाऊल जुळवायला गेलात तर धड चालणं नाही धड पळणं नाही, आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते दुसऱ्या दिवशी माझ्याकडं येतात. चालायला ११० ते १२५ चं काहीही लावा, जुनी हिंदी गाणीसुद्धा त्यात पुष्कळ बसतात.

पळणाऱ्यांचं वेगळं. हौशी माणूस पळताना मिनिटाला १५० ते १७० पावलं टाकतो, म्हणजे हार्डस्टाइल आणि त्याहून वेगवान हार्डकोअर यांची खरी जागा ही. पावलं थोडी जलद आणि आखूड केली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो, हेही खरं आहे. पण वाढ पाच टक्क्यांच्या आसपास असावी. आज १५५ वर पळणाऱ्यानं उद्या १८० चं गाणं लावून 'दौडके चल' केलं तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ओरडायला लागते. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी आपल्याकडची पोरं हे हमखास करतात. सायकलला हार्डस्टाइल मस्त बसतो: एका ठोक्याला एक पाय धरला तर १५० म्हणजे मिनिटाला ७५ फेरे, १६० म्हणजे ८०.

वजनं उचलताना मात्र ठेक्याला हालचाल बांधू नका. १५० च्या गाण्यात एक ठोका ०.४ सेकंदाचा असतो. बैठक ठोक्याला मारायला गेलात तर ती बैठक राहत नाही, झटका होतो. आठ ठोक्यांत एक बैठक, म्हणजे तीन सेकंदांपेक्षा थोडी जास्त, असं करता येतं. आणि गाण्याच्या जोशात श्वास रोखून जड वजन उचलू नका. त्या क्षणी रक्तदाब भयंकर वर जातो. बीपीच्या पेशंटनी तर नाहीच. सेट सुरू व्हायच्या आधी अंगात जोर यावा म्हणून हे संगीत चांगलं, तालमीत शड्डू ठोकतात तसंच. जोरात-हळू-जोरात अशा पद्धतीचा व्यायाम असेल तर दणका फक्त जोराच्या भागात ठेवा. शेवटची दहा मिनिटं संथ गाणं किंवा काहीच नको. प्राणायामाला अर्थातच काही नको.

तुम्ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असाल, तर तुमच्या हृदयाची गती गोळीनं बांधलेली असते. घड्याळावरचा आकडा कमी दिसतो म्हणून वेग वाढवू नका, बोलता येतंय का ते पाहा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी असेल तर आणखी जपून. घाम, थरथर, छातीत धडधड ही साखर उतरल्याची लक्षणं आणि कडक गाण्यावरच्या कडक व्यायामाची लक्षणं अगदी सारखी दिसतात. असं वाटलं की थांबा, खिशातली साखर किंवा गोळ्या खा आणि मग तपासा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झालं तर गाणं संपेपर्यंत थांबू नका. इअरफोन काढा, बसा, कुणाला तरी सांगा आणि लगेच दवाखाना गाठा. चाळिशीपुढच्या पेशंटना माझं सांगणं असतं की पहिले दोन महिने एकाच कानात इअरफोन लावा आणि दर पाच मिनिटांनी एक वाक्य मोठ्यानं बोला. लोक बघतात, बघू देत. रस्त्यावर चालणाऱ्यांनी तर दोन्ही कान मोकळेच ठेवावेत. मनमाड रोडवर मागून येणारा ट्रक ऐकू यायलाच हवा.

शेवटी कानाचं. कडक संगीत कानाला त्रास देतं ते वेगामुळं नव्हे, आवाजामुळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्याला फक्त २० मिनिटं. जिममध्ये स्पीकर मोठा, त्यावर मात करायला इअरफोन आणखी मोठा, असं झालं की आठवड्याचा कोटा एका सकाळीत संपतो. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढं नाचणाऱ्याचा तर पहिल्या चौकातच संपत असेल. ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींनाही हे लागू आहे. कानात बोळे घालून वाजवलं तर ठेका चुकत नाही. व्यायामानंतर किंवा मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल आणि दुसऱ्या दिवशीही ते राहिलं, किंवा एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट पाहू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार लवकर, पहिल्या काही दिवसांत, सुरू झाले तर ऐकू येणं परत येण्याची शक्यता जास्त असते.